पाणी पिणारा खडा

गुरुजी म्हणाले, ‘शुक्रासाठी हिरा घाला, नाहीतर ओपलही चालेल.’ त्यातलं पहिलं वाक्य आईला ऐकूच आलं नाही. झवेरी बाजारातून ओपल आणला, चांदीत बसवून घेतला. तसा दुधट, शिजलेल्या साबुदाण्यासारखा. पण बोट जरा वळवलं की आत हिरवी ठिणगी, मग निळी, मध्येच नारिंगी. ताज्या बांगड्याची पाठ उन्हात धरली की झळकते ना, तसं काहीतरी.

ऐन जुलैत एका रात्री आईने भांडी घासून हात पुसले, तर बोटावर नुसती काच. रंग गायब. शेजारच्या काकूंनी निकाल दिला, ‘लाभला नाही.’

काकू एकट्या नाहीत म्हणा. वॉल्टर स्कॉटच्या १८२९च्या कादंबरीत एका बाईच्या ओपलवर तीर्थाचा थेंब पडतो, खड्याचं तेज जातं आणि मग बाईच्या जागी मूठभर राख! ओपल अपशकुनी ही समजूत युरोपात फोफावली ती त्यामुळेच, असं सांगतात. व्हिक्टोरिया राणीने मात्र ती धुडकावून मुलींना ओपलचे दागिने दिले.

सराफाने अंगठी उलटसुलट केली आणि हसला. ‘ताई, हा इथिओपियाचा. पाणी पितो.’ तिथल्या वेलो भागात २००८मध्ये मोठा साठा सापडला, तेव्हापासून हा माल बाजारात आला. ऑस्ट्रेलियाचा ओपल सहसा असा पाणी पीत नाही, पण त्याची किंमत ऐकून आपणच पाणी मागतो.

हिऱ्याचं पाणी, मोत्याचं पाणी असं आपण म्हणतो खरं, पण हिऱ्यात थेंब नसतो. ओपलमध्ये खरंच असतं, बहुधा ३ ते १० टक्के. बाकी सगळी सिलिका, म्हणजे वाळूचाच ऐवज, पण अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात, फळवाल्याने संत्री रचावीत तसा रचलेला. रंग त्या रचनेतून प्रकाश फुटल्यामुळे दिसतात. गोळ्यांमधल्या फटींत पाणी भरलं की खडा पारदर्शक होतो, रंग मावळतात. नावाचं मूळ म्हणे आपल्याच ‘उपल’ शब्दात आहे. उपल म्हणजे नुसता दगड!

अंगठी तांदळाच्या डब्यात ठेवली. मुंबईच्या पावसाळ्यात सुकणार तरी किती? नवव्या दिवशी कडेला हिरवा ठिपका दिसला. गणपतीपर्यंत सगळे रंग परतले.

आई आता अंगठी काढतच नाही. भांडी बाबा घासतात.