लुगड्याच्या सावलीतला कॅक्टस

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास जळगावात पारा ४५ अंशांवर गेला की गच्चीवरची बाग म्हणजे एक शोकसभा असते. तुळस मान टाकते, मोगऱ्याची पानं पापडासारखी वाजतात. म्हणून मागच्या उन्हाळ्यात मी हुशारी केली आणि वाळवंटातलंच झाड आणलं. सोनेरी काट्यांचा, नारळाएवढा गोल कॅक्टस. म्हटलं, याला आपलं ऊन म्हणजे माहेरच!

माय उंबऱ्यातच उभी होती. "भाऊ, हाई काय लई उना? दारम्हा काटासनं झाड कोन लावस?"

दारात नाही, गच्चीवर ठेवतो, असं सांगून मी सटकलो. जर्मन लोक या कॅक्टसला 'सासूची खुर्ची' म्हणतात ही माहिती मात्र मी बायकोला दिली. द्यायला नको होती. आठवडाभर ती त्या कुंडीकडे बघून हसायची आणि माय विचारायची, काय झालं म्हणून.

पाचव्या दिवशी कॅक्टसची पश्चिमेकडची बाजू पांढरट पडली. कागदासारखी कोरडी. वाळवंटातलं झाड जळगावात उन्हाने भाजलं होतं! नर्सरीत तो हिरव्या जाळीखाली वाढलेला. मी त्याला थेट भट्टीत नेऊन ठेवला, हे उघडच आहे. पण खरी मेख रात्रीची होती. कॅक्टस दिवसा श्वास कोंडून बसतो. अंगावरची बारीक छिद्रं उन्हात उघडली तर साठवलेलं पाणी उडून जाईल, म्हणून तो ती रात्रीच्या गारव्यात उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेतो, त्याचं आम्ल करून ठेवतो आणि दिवसा दारं लावून त्यावर स्वयंपाक करतो. त्याच्या मेक्सिकोत दिवस कितीही तापला तरी रात्र निवते. आमच्याकडे मे महिन्यात मध्यरात्री गच्चीच्या फरशीवर पाय ठेवून बघा. आम्हीच ओल्या चादरी अंगावर घेऊन तळमळतो, तर तो बिचारा कधी श्वास घेणार?

मायने काही विचारलं नाही. चार काठ्या रोवल्या आणि वर तिचं जुनं लुगडं बांधलं. मेक्सिकोचा पाहुणा दोन महिने खानदेशी नऊवारीच्या सावलीत बसला.

पाऊस लागला तशी दुसरी चूक वर आली. माती मी शेतातली आणली होती. कापसाची, केळीची काळी कसदार माती. जुलैत एकदा भिजली की आठवडाभर ओल सोडत नाही. तिच्याबद्दल आम्हाला एवढा अभिमान, की ती कुणाला सोसणार नाही हे डोक्यातच येत नाही. त्यात माय रोज संध्याकाळी गुपचूप तांब्याभर पाणी घालत होती. पकडली तर म्हणाली, "तहान लागस ना त्याले बी." ज्या जिल्ह्यात केळीच्या बुंध्याशी ठिबक मोजून लावतात, तिथे एका झाडाला पाणी न देणं हीच त्याची सेवा, हे तिला कसं पटावं? मलाही पुस्तकात वाचूनच पटलेलं.

बूड मऊ लागलं तेव्हा उपटून पाहिलं. निम्मी मुळं काळी. ती कापली, मायने हळद चोळली, दहा दिवस सावलीत कोरडा ठेवला आणि गिरणेची रेती, विटांचा चुरा, मूठभर शेणखत अशा मिश्रणात पुन्हा बसवला. वाचला. एका अंगाने पांढरा आहे, पण वाचला.

या खटाटोपात मनात आलं, की परदेशी लाड पुरे, एखादा देशी कॅक्टस लावावा. शोधायला गेलो तर तो नाहीच! फांद्यांवर लोंबणारी एक जात आफ्रिकेत आणि श्रीलंकेत सापडते, ती सोडली तर सगळं कॅक्टस-कूळ अमेरिकेचं. म्हणजे लहानपणी ज्याची बोंडं मातीत घोळून, कुसळं काढून खाल्ली आणि जीभ लाल करून घरी मार खाल्ला, तो गावाकडचा फड्या निवडुंगही उपराच. १७९५ साली नीलसन नावाचा कॅप्टन ब्राझीलहून निवडुंगावर जगणारे, किरमिजी रंग देणारे किडे कलकत्त्याला घेऊन आला. रंगाचा धंदा उभा करायचा होता. किडे निघाले भलत्याच जातीचे. रंग यथातथाच मिळाला, पण निवडुंगाची एक जात त्यांनी भराभर खाऊन टाकली.

मग देशी काय? तर शेताच्या बांधावरचा थोर. दिसायला कॅक्टसचा चुलतभाऊ, पण नात्याने एरंडाचा. ओळखायचं कसं, तर टोचून बघायचं. बहुतेक कॅक्टसमधून पाण्यासारखा रस येतो, थोरातून पांढरा चीक. वैद्य त्याला स्नुही म्हणतात. भगंदरावर, म्हणजे गुदद्वाराजवळच्या चिघळत्या जखमेवर, क्षारसूत्र नावाचा औषधी दोरा वापरतात, त्याला याच चिकाची पुटं देतात. डोळ्यात उडाला तर मात्र दवाखाना गाठावा लागतो. आमच्या बांधावर तो वडिलांनी लावला की आजोबांनी, कुणाला आठवत नाही. त्याला शेळी तोंड लावत नाही आणि पाणी कुणी कधी घातलेलं नाही.

त्याची एक फांदी आणून मी खाली अंगणात लावली. या काटेरी झाडाला मायने हरकत घेतली नाही, हे विशेष. उन्हाळ्यात पानं गळून नुसता दांडका उरला. मी रोज जाऊन बघायचो, ती बघायचीही नाही. मृगाचे दोन पाऊस झाले आणि शेंड्याला हिरवीगार पानं फुटली.

परवा शेजारच्या काकू फांदी मागायला आल्या. मायने हाताला फडकं गुंडाळलं, विळ्याने सपकन तुकडा पाडला, चीक मातीत निथळू दिला आणि त्यांच्या हाती देत म्हणाली, "लगेच नको लावू. आठ दिन सावलीम्हा सुकू दे, मंग लाव."

नेमकं हेच वाचायला मी दोनशे रुपयांचं पुस्तक घेतलं होतं.