मातीनं नाही, पाण्यानं

चैत्रातल्या हळदीकुंकवाला एक मावशी माझ्या हाताला अत्तर लावत होत्या. त्यांनी माझी बोटं जरा उजेडाकडे वळवली आणि म्हणाल्या, "अगं, अजून राखेनं भांडी घासतेस की काय?" बायका हसल्या, मीही हसले. पण मी बँकेत काउंटरवर बसते. समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त बघतो, कारण पैसे तिथे असतात. घरी येऊन दिव्याखाली नखं पाहिली, तर दहाच्या दहा नखांना काळी किनार होती.

पुण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर माझ्या 60 कुंड्या आहेत. गुलाब, मोगरा, अळू, कढीपत्ता, दोन ड्रममध्ये कागदी लिंबू आणि केळ. मी खुरपं कमी आणि बोटं जास्त वापरते. रोप लावताना माती किती दाबायची हे बोटालाच कळतं, असं माझं अजूनही मत आहे. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, सगळं हातानंच कालवायचं. त्यामुळे नखांत माती जाणारच. इतकी वर्षं त्यानं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते मी स्वच्छतेच्या मागे लागल्यावर.

त्या रात्रीपासून मी नखांशी युद्धच पुकारलं. जुना टूथब्रश आणि भांड्यांचा साबण. मग खायचा सोडा. तरी किनार राहिलीच, म्हणून सेफ्टी पिन घेऊन नखाखालून माती कोरून काढायची. पिनेनं नख जिथे कातडीला चिकटलेलं असतं तिथून ते किंचित सुटतं आणि पोकळी वाढते. दुसऱ्या दिवशी तिथे आणखी माती शिरते, मग आणखी कोरायचं. हे गणित मला तेव्हा कळलं नाही.

लिंबाचा किस्सा वेगळाच. पिळलेल्या लिंबाची साल नखांवर चोळायची हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. मी सकाळी साल चोळली आणि तशीच गच्चीवर जाऊन तासभर उन्हात कुंड्या हलवल्या. दोन दिवसांनी मनगटाजवळ आणि बोटांच्या मागच्या बाजूला आधी लालसर चट्टे आले, मग तिथे तपकिरी डाग पडले. रस जसा ओघळला होता तशाच आकाराचे. लिंबाच्या सालीत आणि रसात असे पदार्थ असतात की ते कातडीवर राहिले आणि वर ऊन पडलं, तर कातडी भाजल्यासारखी होते. हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. डाग जायला गणपती उजाडले.

मे महिन्यात भाचीचं लग्न होतं. त्याआधी पार्लरमध्ये गेले. तिथल्या मुलीनं हात कोमट पाण्यात भिजवले, नखांच्या मुळाशी असते ती पातळ कातडी मागे ढकलली आणि बारीक कात्रीनं कापून टाकली. नखं अशी काही दिसायला लागली, की लग्नात मी उगाचच हात हलवत बोलत होते.

जून सरता सरता पाऊस लागला. कुंड्यांतलं साचलेलं पाणी काढणं, चिखल, शिवाय घरी कामवाल्या बाई सुट्टीवर, म्हणजे भांडी माझ्याकडे. एका सकाळी उजव्या हाताच्या मधल्या बोटाला नखाच्या कडेनं ठसठस सुरू झाली. संध्याकाळपर्यंत बोट लाल, टम्म. नखुरडं.

आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लगेच लिंबाला भोक पाडून त्यात माझं बोट घातलं. वर फडकं बांधलं. त्या सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शेतात राबलेल्या. त्यांच्या लहानपणी नखुरड्याला हाच उपाय. लिंबात बोट घालून मी टीव्ही बघत बसले. गार वाटलं, नाही असं नाही. पण पहाटे तीनला ठणक्यानं जाग आली आणि नखाच्या कडेला पिवळट पू दिसला, तेव्हा लिंबू टाकून दिलं. जखमेत लिंबाचा रस घालणं आता मला पटत नाही. मीठ घातलेल्या सोसवेल इतक्या गरम पाण्यात बोट बुडवायचं, तेही अगदी सुरुवातीला, आणि पू दिसला की सरळ डॉक्टर.

डॉक्टरांनी कडेला सुई लावून पू काढला. पाच मिनिटांचं काम होतं, पण ती पाच मिनिटं मी खिडकीबाहेरचं गुलमोहराचं झाड बघत काढली. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, असं त्यांनी विचारलं. मला आठवेना. "बाग करता आणि हे आठवत नाही?" आपल्याला वाटतं धनुर्वात गंजलेल्या खिळ्यानं होतो. खरं म्हणजे त्याचे जंतू मातीत आणि शेणखतात असतात, गंज लागतोच असं नाही. गुलाबाचा किंवा लिंबाचा काटा खोल गेला तरी पुरे. मोठ्यांनी दर 10 वर्षांनी डोस घ्यायचा असतो. मी तेव्हाच घेतला आणि तारीख फ्रिजच्या दारावर चिकटवली.

मधलं बोट बरं झालं. पण ऑगस्टमध्ये बाजूची दोन बोटं सुजली. या वेळी ठणका नव्हता. नखाच्या मुळाशी कातडी फुगलेली, चमकदार, दाबलं की दुखायची. महिना उलटला तरी तशीच. मग त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. मला खात्री होती की बुरशी आहे, शेणखतातून आलेली. त्यांनी नखाची खरवड काचेवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. रक्तातली साखर तपासली, कारण मधुमेह असला की हे दुखणं पिच्छा सोडत नाही. साखर ठीक निघाली. खरवडीत थोडं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, होतं, पण मूळ दुखणं ते नाही, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, "हात दिवसातून किती वेळा ओले होतात?"

मी मोजायला लागले. बाग, भांडी, भाजी, कपडे, बँकेत नोटा मोजल्यावर साबण, जेवायच्या आधी सॅनिटायझर, आणि त्यावर माझी नखं घासण्याची सकाळ-संध्याकाळची पूजा. पंचविशीच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं.

"मातीनं नाही हो, पाण्यानं झालंय," त्या म्हणाल्या. पार्लरमध्ये कापून टाकलेली ती पातळ कातडी म्हणजे कुकरची रिंग. नख आणि बोट यांच्यामधली फट तीच बंद ठेवते. ती काढली की साबणाचं पाणी आत मुरतं, कातडी आतून चिडते आणि मग यीस्टसारखे पाहुणे राहायला येतात. पाहुण्यांना घालवून उपयोग नाही, दार बंद करायला हवं. सूज उतरवणारं मलम त्यांनी दिलं. त्याचं नाव सांगत नाही, कारण ते स्टेरॉइड होतं आणि तसली मलमं दुकानातून आपणहून आणून लावायची नसतात. हात कोरडे ठेवा, तीन महिने, असं बजावलं.

पुण्याच्या पावसाळ्यात बागकाम करणाऱ्या बाईनं हात कोरडे ठेवायचे! पहिले आठ दिवस रबरी हातमोजे घातले. अर्ध्या तासानं काढले तर बोटं आंघोळ केल्यासारखी सुरकुतलेली. घाम. म्हणजे पाणी बाहेरून नाही तर आतून. मग आत पातळ सुती मोजे आणि वर रबरी, आणि 20 मिनिटांनी दोन्ही काढायचे, असं सुरू केलं. कोरड्या कामाला तळहाताला रबराचा लेप आणि पाठीला जाळीचं कापड असलेले मोजे आणले. त्यांतून वारा खेळतो. मोजे उलटे करून दोरीवर चिमट्यानं वाळत घालायचे. ओले मोजे कोपऱ्यात गोळा करून ठेवले तर मोजे न घातलेलेच बरे. गुलाबाच्या छाटणीला मात्र हे जाळीचे कामाचे नाहीत, काटा आरपार येतो. तिथे जाड चामडी लागतात.

बी पेरताना, रोप काढताना मी अजूनही मोजे काढते. त्यासाठी आमच्या गच्चीवर कुंड्या आणून देणाऱ्या माळीकाकांनी एक युक्ती सांगितली. हात कोरडे असताना साबणाच्या कोरड्या वडीवर नखं ओरबाडायची. नखांखाली साबण भरून बसतो, मातीला जागाच राहत नाही. काम झालं की नळाखाली धरायचं, साबण आणि माती एकदमच निघून जातात. ब्रश जवळजवळ लागतच नाही. इतकं सोपं होतं आणि मी सेफ्टी पिन घेऊन बसले होते.

त्या डॉक्टरांनी गाजर गवताचंही विचारलं होतं. हे गवत भारतात पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आलं ते 1950 च्या दशकात आमच्या पुण्यातच, आणि त्यानं हातांना, चेहऱ्याला खाज येणारे रुग्ण त्यांच्याकडे नेहमी असतात. शेणखतातून बी येतं आणि कुंडीत नाजूक, कापलेल्या पानांचं रोपटं उगवतं, तेव्हा ते उपटायला बोटं आपोआप जातात. त्याला आता मोजे घालते. अळूचंही तसंच, त्याच्या पानादेठात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचून खाज सुटते. केळीचा चीक तर नखं काळी करतो, साबणानं जात नाही. त्याला आधी हाताला खोबरेल लावायचं. फणस चिरताना लावतोच की.

आईंनी आयुष्यात मोजे घातले नाहीत. पण त्यांची नखं नेहमी बोटाच्या टोकाला भिडलेली, कधी वाढू द्यायची नाहीत. रानातून आल्यावर हात एकदा धुवायचे, पदराला नीट पुसायचे, बोटांच्या बेचक्यांत सुद्धा, आणि रात्री खोबरेल. पार्लर त्यांनी पाहिलेलं नाही. मला सहा महिन्यांत आणि दोन डॉक्टरांकडून कळलं ते त्या रोज करत होत्या, फक्त कधी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नव्हतं. लिंबाबद्दल मात्र त्यांचं मत बदललेलं नाही.

सूज ऑक्टोबरअखेर उतरली. तोवर त्या नखांवर आडवे खळगे पडले होते, एकाखाली एक. नख सुजलेल्या मुळातून उगवताना वाकडंतिकडं उगवतं, त्याची ती नोंद. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत जायला सहाएक महिने. मी दर पंधरवड्याला बघायची, शेवटचा खळगा कुठवर आलाय. दिवाळीत मुळाशी होता. संक्रांतीला अर्ध्यावर. मार्चमध्ये टोकाला आला, त्याच्या मागे सगळं नख गुळगुळीत, गुलाबी. मी उत्साहानं नेलकटर घेऊन बसले, तर आतून आईंचा आवाज आला, "आज शनिवार आहे."

मग रविवारी सकाळी कापलं.