ती व्याली का?

चित्रपुस्तकाची डमी छापण्याआधी मुलांना वाचून दाखवायची, तर ती ओळखीच्या घरांतली मुलं नकोत, असा माझा हट्ट असतो. ती फार शहाण्यासारखी ऐकतात आणि शेवटी ‘छान आहे’ म्हणतात. म्हणून आम्ही मावळातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत गेलो. लेखिका ताई, चित्रकार आणि संपादक म्हणून मी. पिशवीत २४ पानांची डमी, म्हणजे रंगीत प्रिंटआउट आणि मधोमध दोन पिना.

गोष्ट साधी होती. चिमी वडिलांबरोबर शेळी विकायला चाकणच्या बाजारात जाते. दिवसभर गिऱ्हाईक मिळत नाही, शेळी घरी परत येते, चिमी खूश. बाजाराची पानं लांबतात का, एवढंच आम्हाला बघायचं होतं.

पहिली ते चौथी एकाच खोलीत बसलेली. ताई वाचायला लागल्या, मी मुलांचे डोळे कुठे फिरतात ते बघत होते. मजकुराकडे कुणीच बघत नव्हतं. चिमीचं अंगण आलं तसा मागून एक मुलगा शांतपणे म्हणाला, “गाभण हाय.”

ताई थांबल्या. गोष्टीत तसं काहीच नव्हतं. चित्रकार माझ्या कानाशी लागला, “मी पोट नुसतं गोल काढलंय हो, गोड दिसावी म्हणून.” पण आता उशीर झाला होता. किती महिन्यांची, यावर वर्गात वाद पेटला. शेळी पाच महिन्यांनी विते, हे त्या खोलीत फक्त आम्हा तिघांना ठाऊक नव्हतं. एकीच्या घरची उस्मानाबादी दर खेपेला जुळी देते, म्हणून हिलाही दोन होणार, असं तिनं जाहीर करून टाकलं.

बाजाराची पानं आली आणि खरी पंचाईत झाली. गिऱ्हाईक मिळालं नाही, हे कुणी मानायलाच तयार नाही. “गाभण शेळीला गिऱ्हाईक न्हाई? लगेच उचलत्यात!” “बापानं भाव लई सांगितला आसंल.” “न्हाईतर त्येलाच इकायची नसंल.” ताई कशाबशा शेवटच्या पानापर्यंत पोचल्या. शेळी घरी आली, चिमी हसली. वर्ग मात्र वाटच बघत राहिला. मग पहिलीतल्या मुलीनं विचारलं, “ती व्याली का?”

परतीच्या गाडीत ताई घुश्शातच होत्या. “करडांची गोष्ट मी लिहिलेलीच नाही. मला बापलेकीची लिहायची होती.” पोट आत घ्यायला चित्रकार एका पायावर तयार होता, आणि त्यात शहाणपणही होतं, मजकुराला हातच लागला नसता. मला ते पटेना. ‘त्येलाच इकायची नसंल’ या वाक्यात ताईंना हवा असलेला बाप आयता उभा होता. गिऱ्हाईक न मिळाल्यानं परतणारा माणूस आणि गिऱ्हाईक नोटा मोजत असताना लेकीकडे बघून दावं आवळून धरणारा माणूस, यातला कुठला चितारण्याजोगा आहे? लोणावळ्याच्या चिक्कीवर ताई थोड्या निवळल्या आणि तिथेच वहीत दोन ओळी खरडल्या.

पण करडांना जागा कुठून आणायची? पिनांच्या पुस्तकात पानं चाराच्या पटीत वाढतात. २४ म्हणजे १६ चा एक फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घालायची पानं, आणि ८ चा अर्धा. वर चार पानं चढवली की कागद, छपाई, किंमत सगळंच चढतं. शेवटी श्रेयनामावलीचं पान उचलून कव्हरच्या आतल्या बाजूला टाकलं. तिथं एरवी कोरंच असतं. मिळालेल्या पानावर दोन करडं आली, मजकूर एका अक्षराचाही नाही.

आमच्या एका विक्रेत्यानं पुस्तक हातात घेतल्या घेतल्या ते पान दाखवलं. “इथं मजकूर राहिलाय. पालक तक्रार करतात, एवढ्या पैशात शब्द किती कमी!” पालक शब्द मोजतात हे खरंच आहे, पुस्तक विकत तेच घेतात. ते पान तसंच ठेवलं.

ताईंचं नवं हस्तलिखित आलंय. या वेळी म्हैस आहे. सोबत चित्रकारासाठी वेगळी चिठ्ठी: “भाकड आहे. पोट बघून काढणे.”