अमेरिकेचं तिकीट स्वस्तात पाहिजे तर विमानतळ कुठला बदलायचा

आई-पप्पा लंडनला भावाकडे आठवडाभर राहून पुढे ताईकडे अमेरिकेत जाणारेत, त्यामुळे सध्या आमच्याकडे रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडून भाडी बघत बसायचं हाच उद्योग चालूय. मोठं विमानतळ सोडून दुसरं धरलं की पैसे वाचू शकतात हे सोलापूरकराला कुणी सांगायला नको, आपण मुंबईचं तिकीट बघताना हैदराबादचं पण बघतोच, नळदुर्ग-उमरगा करत शमशाबादला जायचं, रस्त्यानं मुंबईपेक्षा जवळच पडतं. सोलापूरजवळ बोरामणीचं नवं विमानतळ होईल तेव्हा होईल.

पण लंडन ते अमेरिका यासाठी नेटवर जे सल्ले सापडतात ते आपल्या पासपोर्टसाठी नाहीतच. सगळ्यात फेमस जुगाड डब्लिनचा. ब्रिटनमधून उडालं की एअर पॅसेंजर ड्युटी लागते, अमेरिकेला इकॉनॉमीत २०२५-२६ चा रेट माणशी ९० पौंड, आयर्लंडने त्यांचा असला टॅक्स २०१४ लाच काढून टाकला. मग लोक लंडनहून डब्लिनला जातात (त्याला त्याच वर्षीच्या रेटनं १३ पौंडच) आणि तिथून वेगळं तिकीट काढतात. वर अमेरिकेचं इमिग्रेशन डब्लिनलाच उरकतं, तिकडे उतरलं की डोमेस्टिकसारखं बाहेर. ऐकायला भारी आहे, पण वेगळं तिकीट म्हणजे बॅगा घेऊन बाहेर या, परत चेक-इन करा, आणि बाहेर यायचं म्हणजे आयर्लंडचा व्हिसा आला. ब्रिटनच्या व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटन-आयर्लंडची एकत्र व्हिसा योजना) लिहिलेलं असेल तर त्यावर चालतं, नाहीतर आधी तपासून घ्यायचं. आइसलँडमार्गे गेलं तर शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक असतो तो व्हिसा. नुसत्या व्हिसाच्या फी आणि चकरा धरल्या तरी वाचलेल्या पौंडांचं काय उरतं सांगा.

एकच तिकीट काढून लंडनला २४ तासांच्या आत पुढचं विमान पकडलं तर ही ड्युटी लागतच नाही, हे मी आईला सांगितलं तर म्हणाली, "मग काय पोराला विमानतळावरच बघून यायचं होय?" विषय संपला.

म्हणून माझं म्हणणं, खेळ करायचा तो अमेरिकेच्या टोकाला. तिथं एकाच व्हिसावर कुठंही उतरता येतं. न्यूयॉर्क असेल तर जेएफकेबरोबर न्यूआर्क बघायचंच. ताई राहते मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डजवळ, सगळे बॉस्टन-बॉस्टन करत होते, पण हार्टफर्डचं ब्रॅडली तिला कितीतरी जवळ, आणि डब्लिनहून आयर्लंडच्या एअर लिंगसचं विमान तिथं थेट जातं. लंडनपासून एकच तिकीट काढायचं, बॅगा परस्पर पुढे जातात, ड्युटी भरायची गपचूप. जावई रजा टाकून बॉस्टनला गाडी घेऊन येणार, तो खर्च भाड्यात कुणी धरतच नाही.

नुसत्या नावावर मात्र जाऊ नका. न्यूयॉर्क स्ट्युअर्ट म्हणून एक आहे, मॅनहॅटनपासून शंभरेक किलोमीटर, म्हणजे गुलबर्ग्याला उतरवायचं आणि सोलापूर आलं म्हणायचं. नॉर्वेजियन एअरलाइनने २०१७ ला तिथून युरोपची स्वस्त विमानं चालू केली, २०१९ ला बंद. मग २०२२ ला आइसलँडची प्ले आली, २०२५ ला कंपनीच बंद पडली. अशा ठिकाणी विमान रद्द झालं तर त्याच दिवशी दुसरं मिळणं अवघड, आणि सत्तरीच्या माणसांना तिथं कोण बघणार.

आता ब्रॅडली जवळजवळ फायनल आहे, बॅगांचं धरून भाडं किती होतं तेवढं बघायचंय, कारण स्वस्त भाड्यात नुसती हातातली बॅग असते आणि आई दोन चादरी, कडक भाकरी अन् शेंगाचटणी यातलं काहीच कमी करायला तयार नाही.