पाटणच्या बाजारातले पळीभर तेल

धुळ्याहून पाटणादेवीला जाऊन एका दिवसात परत येता येते, आणि आमच्या घराण्यातली माणसे पिढ्यानपिढ्या तसेच करत आली आहेत. पहाटे निघायचे, देवीची ओटी भरायची, ओढ्याकाठी सावली पाहून जेवायचे आणि अंधार पडायच्या आत चाळीसगाव गाठायचे, असा ठरलेला क्रम असतो. त्यात देवळातल्या शिलालेखाला कधीच जागा मिळालेली नाही. यंदा घटस्थापनेच्या आधीच जाऊन यावे असे घरात ठरले, तेव्हा मी माझी एकच अट घातली की शिलालेखासमोर मला अर्धा तास हवा आणि त्या अर्ध्या तासात कोणी ‘चला, उशीर होतो आहे’ असे म्हणायचे नाही. अट सर्वांनी मान्य केली, म्हणजे ती कोणी फारशी ऐकली नाही.

चाळीसगावपर्यंतच्या रस्त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. चाळीसगावच्या पुढे नैर्ऋत्येला वळल्यावर मात्र सातमाळ्याची रांग समोर उभी राहते आणि शेते संपून गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचे रान सुरू होते. कन्नडच्या घाटाला ज्याचे नाव दिले, तो जेम्स औट्रम १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी होता. आमच्या गाडीतल्या दहावीच्या मुलीला ही माहिती मी मोठ्या उत्साहाने दिली आणि तिने ती तितक्याच शांतपणे खिडकीबाहेर सोडून दिली. भाद्रपद सरत आला होता, अंजन आणि सागाची झाडे अजून हिरवी होती, ओढ्यांना पाणी होते. हेच रान मी वैशाखात पाहिलेले आहे. तेव्हा तिथे उभे राहवत नाही. पाटणादेवीचे जे हिरवेगार फोटो लोक एकमेकांना पाठवतात ते वर्षाच्या फार थोड्या आठवड्यांचे असतात, हे जाणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे.

देवीच्या आधी वाटेवर महादेवाचे जुने दगडी मंदिर लागते. तिथे गर्दी नव्हती, कारण तिथे नवस नसतो. हे देऊळ निकुंभ घराण्यातल्या इंद्रराजाने बांधायला घेतले, त्याच्या मागे राणी श्रीदेवीने मुलगा लहान असताना कारभार सांभाळला आणि पुढे त्या मुलाने, गोवनाने, देऊळ पुरे केले, असे शके १०७५ म्हणजे इ. स. ११५३ च्या लेखावरून कळते. निकुंभ हे देवगिरीच्या यादवांचे मांडलिक. त्यांचे राज्य लहान असले तरी देवळाच्या बाह्य भिंतींवरचे काम पाहून ते लहान होते असे वाटत नाही. आमच्या मंडळींनी इथे दहा मिनिटे दिली, तीही चपला काढण्या-घालण्यासकट.

देवीच्या देवळात मात्र रविवारची गर्दी होती. दर्शनाला रांग असणे मला मान्य आहे. पण पायऱ्यांवर बसून मोबाइलवर मोठ्याने गाणी लावणारी टोळकी आणि केदारकुंडाच्या धबधब्याकडून ओल्या कपड्यांनी थेट देवळात शिरणारे तरुण मला मान्य नाहीत. त्यातल्या एकाने मला ‘काका, जरा सरका, सेल्फी काढायचा आहे’ असे सांगितले, तेव्हा मी ज्या दगडापुढे उभा होतो तो दगड त्याच्या छायाचित्रात येऊ नये अशी त्याची इच्छा होती.

तो दगड म्हणजे चांगदेवाचा शिलालेख. हे योगी चांगदेव नव्हेत. हा चांगदेव गणिती भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ लिहिला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातवाने इथेच, पाटणला, मठ काढला, आणि त्या मठाला सोइदेव व हेमाडिदेव या निकुंभ भावांनी दिलेल्या दानांची नोंद या दगडावर कोरलेली आहे. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांपुढे आणला, आणि भास्कराचार्यांच्या घराण्याची त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतची परंपरा त्यामुळेच आपल्याला ठाऊक झाली. सोइदेवाने दान दिले ते शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी. ग्रहणात दान देण्याची प्रथा जुनीच आहे. पण ग्रहणाचे गणित शिकवणाऱ्या मठाला ग्रहण लागलेले असताना दान मिळावे, हे मला फार आवडले. त्या रात्री चंद्र केव्हा ग्रासणार हे मठातल्या कोणीतरी आधी मांडून ठेवले असणारच.

लेखाचा मोठा भाग संस्कृत पद्यात आहे आणि शेवटचा थोडा भाग मराठीत. छापील वाचन मी घरीच वहीत उतरवून नेले होते, कारण लिपी नागरी असली तरी झिजलेल्या दगडावरून आपल्याला सरळ वाचता येईल या भ्रमात राहण्याचे कारण नव्हते. वहीत पाहून एकेक अक्षर दगडावर शोधत मी उभा होतो. दहावीतली भाची पाच मिनिटे थांबली. तिला ‘सिद्धान्तशिरोमणी’चे चार भाग सांगून झाले, त्यातल्या ‘लीलावती’तले मोर आणि सापाचे उदाहरण सांगून झाले. नऊ हात उंच खांबावर मोर बसलेला आहे, खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे, खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे येतो आहे, मोर तिरपी झेप घेतो आणि दोघांचे अंतर सारखे पडते, तर बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडेल? तिने मागच्या कागदी पिशवीवर समीकरण मांडून बारा हात हे उत्तर काढले, बरोबर काढले, आणि ती माकडे पाहायला निघून गेली. हे पायथागोरसचेच आहे, परीक्षेला येते, एवढा तिचा अभिप्राय.

मग फुई आली. फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. शिंदखेड्याकडे दिलेली, वय ऐंशीच्या पुढे, बोलणे अहिराणी. ओटी भरून झाली होती, गुडघे दुखत होते आणि मी उभा होतो तिथल्या कट्ट्याला सावली होती, एवढेच तिच्या येण्याचे कारण. “काय लिखेल शे रे भाऊ तठे?” तिने विचारले. भास्कराचार्य, चांगदेव, ज्योतिष हे मी सांगितले, तेव्हा तिने मान हलवली, ती पुराण ऐकताना हलवतात तशी. पण मराठी भागावर आल्यावर मी म्हणालो की या पाटणच्या पेठेत जो माल विक्रीला येई त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वाटा राजाने मठाला देऊन टाकला, आणि गावात जितकी तेलाची घाणी असतील तितक्या प्रत्येकीमागे पळी-पळी तेल मठाला लावून दिले.

“घानी?” फुई सावरून बसली. “मना बापनी घानी व्हती.”

हे मला ठाऊक होते, पण फक्त ठाऊक होते. आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगणात घाणीचे दगडी उखळ पालथे पडलेले असे, त्यावर आम्ही मुले उभी राहून पेरू काढत असू. त्यापलीकडे आजोबांच्या घाणीशी माझा संबंध आला नव्हता. फुईने ती चालताना पाहिलेली होती. डोळ्यांना झापडे लावलेला बैल, लाटेवर बसून पेंगणारा तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे वडील, करडईच्या तेलाचा घरभर भरलेला वास, आणि दाणे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाची पेंडीवरून होणारी कुरबूर, हे सगळे तिने त्या कट्ट्यावर बसून सांगितले. मग ती थांबली आणि तिने मला विचारले, “पयी पयी तेल, ते समजनं. पन माप कोनं?”

मी म्हणालो, काय?

तिने मला समजावून सांगितले की दान किती, याला महत्त्व नाही. मोजायचे कोणाच्या मापाने, याला आहे. घाणीवाला आपले माप लावतो, व्यापारी आपले आणतो, आणि दोन्ही मापांचे बूड सारखे नसते. आजोबांच्या वेळी बाजारातला एक व्यापारी तेल विकताना बूड आत वर ठोकलेले अच्छेराचे, म्हणजे अर्ध्या शेराचे, माप लावी, आणि दर मापामागे थोडे थोडे तेल स्वतःकडे राखी. राजाने पळीभर तेल दिले असे म्हटले, तरी पळी घाणीवाल्याची असेल तर मठाला काय मिळणार आणि मठाची असेल तर घाणीवाल्याचे काय होणार?

मी वही तिच्यापुढे धरली, जरी तिला वाचता येत नाही. कारण दगडावर त्याच्या पुढची ओळ नेमकी तीच आहे: जे काही मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे, आणि मोजणावळ निम्मी मठाला व निम्मी मोजणाऱ्याला जावी. हे वाक्य मी घरी उतरवून घेतले होते, त्याचा अर्थही लिहिला होता, आणि तरी ते तिथे का कोरले असावे हा प्रश्न मला पडला नव्हता. विद्वानांनी या लेखावर वंशावळीसाठी आणि जुन्या मराठीसाठी पुष्कळ लिहिले आहे. फुईने तो एखाद्या भांडणाचा निवाडा ऐकावा तसा ऐकला, आणि मोजणाऱ्याला निम्मे दिले यावर तिचे समाधान झाले. “हाऊ राजा शहाना व्हता,” ती म्हणाली. मोजणाऱ्याच्या पदरात काही पडले नाही तर तो घाणीवाल्याकडून घेतो, हे तिचे कारण.

त्यानंतर तिचे प्रश्न थांबेनात. घाणी किती होत्या? दगड आकडा देत नाही. ‘जितकी असतील तितकी’ एवढेच म्हणतो, म्हणजे वाढली तर मठाचे तेलही वाढणार होते. तेल एवढे कशाला लागे? मी म्हणालो, दिवे. रात्री आकाश पाहायचे तर अंधार हवा आणि पाहिलेले उतरून घ्यायचे, ग्रंथ वाचायचे तर उजेड हवा. शिवाय पोरे जेवणार, त्यांच्या कालवणाला तेल लागणार. बाजार कुठे भरत असेल? यावर मात्र तिनेच उत्तर दिले. देवळाच्या पायऱ्यांवरून तिने खाली डोंगरी नदीकडे हात केला, जिथे आता झाडी आणि पार्किंगची गर्दी आहे, आणि सांगितले की बैलगाड्यांना पाणी लागते, म्हणून बाजार नदीच्या काठालाच असणार.

आम्ही इथे रान पाहायला येतो, धबधबा पाहायला येतो, ‘निसर्गरम्य ठिकाण’ असे म्हणतो. हे मोठे व्यापारी गाव होते, त्यात माल उतरत होता, घाणी फिरत होत्या, आणि त्या घाण्यांच्या तेलावर गणिताची शाळा चालत होती. गाव उठले आणि रान परत आले. पाटणादेवीकडे मी आजवर या अंगाने पाहिलेले नव्हते, आणि मला ते अंग कोणा संशोधकाने दाखवलेले नाही.

जेवण आम्ही घरूनच नेले होते. अभयारण्यात चूल मांडू नये असा माझा आग्रह, आणि थंड बट्टी ही बट्टीच नव्हे असे भावाचे म्हणणे. दोन्ही खरे आहे. वांग्याची घोटलेली भाजी आणि ठेचा असल्यामुळे तंटा वाढला नाही. शेजारच्या कुटुंबाने आम्हाला आपल्यातली सीताफळे आणून दिली आणि जाताना आपल्या पत्रावळी तिथेच ठेवून गेले. इतक्या अगत्यशील माणसांवर रागवावे कसे हे मला अजून कळलेले नाही. त्यांच्या पत्रावळी आम्ही उचलल्या आणि वहिनी त्या सीताफळांची गोडी गाडीत बसेपर्यंत नाकारत राहिली.

परतताना चाळीसगावला केकी मूस यांच्या घरी जायचे राहून जाऊ नये म्हणून मी हट्ट धरला. १९१२ मध्ये जन्मलेला आणि १९८९ मध्ये गेलेला हा छायाचित्रकार अनेक दशके घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. त्याचे घर आता कलादालन म्हणून पाहता येते. रोज रात्री पंजाब मेलच्या वेळी तो कोणाची तरी वाट पाहत असे, ही कथा तिथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली जाते. मला ती कथा छायाचित्रांच्या आड येते असे वाटते. टेबलावर ठेवलेल्या साध्या वस्तूंवर प्रकाश पाडून त्याने काढलेली चित्रे पाहायला वेळ द्यावा, आगगाडीकडे नंतर पाहावे. मुलांना अर्थात आगगाडीच आवडली.

पितळखोऱ्याची लेणी राहिली. पाटणादेवीच्या रानातून वर चढून तिथे जाणारी वाट आहे, आणि इसवी सनापूर्वीची ती लेणी पाहायला दमलेल्या माणसांनी संध्याकाळी धावू नये. एका दिवसात पाटणादेवी, पितळखोरे आणि जमल्यास वेरूळ असा बेत आखणारे लोक मला माहीत आहेत; आमच्या घरात असे दोघे आहेत आणि दोघेही गाडी चालवतात. त्यांना मी स्पष्ट सांगून ठेवले आहे की पुढच्या वेळी फक्त पितळखोरे, आणि तेही हिवाळ्यात. भाऊ म्हणतो, मग वेरूळ तिथून किती लांब आहे ते तरी बघ.