आमची वाटचाल : कर्लीच्या काठी, दोघांसाठी

कोल्हापुरात नवरा-बायकोला निवांत बसून चार शब्द बोलायला जागा नाही. रंकाळ्यावर जावं तर निम्मी गल्ली तिथंच फिरायला आलेली असते. पन्हाळ्याला जावं तर तीन दरवाजापाशी कुणीतरी मामा भेटतातच. लग्नानंतरचा पहिला प्रवास म्हणजे अंबाबाई, जोतिबा आणि नरसोबाची वाडी, तोही सासू-सासरे, नणंद आणि तिची पोरं सगळ्यांना बरोबर घेऊन. ही माणसं आमचीच, त्यांचा लळाही खरा. पण दोघांचं म्हणून काही त्यात उरत नाही, आणि पुढं पोरं-बाळं झाली की तो विषयच निघत नाही. तारकर्लीहून देवबागला जाणाऱ्या रस्त्यावर, कर्ली नदीच्या काठी, आम्ही सहा खोल्यांचं निवास चालवतो ते या एका कारणासाठी. इथं फक्त जोडपी येतात.

आमचं घर मूळचं उद्यमनगरचं, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीतलं. सासऱ्यांपासून मशीन शॉप आहे, धातूचे ओतीव भाग बाहेरून आणायचे आणि यंत्रावर घडवून द्यायचे. पाहुण्यांच्या धंद्याशी आमचा काडीचा संबंध नव्हता. मिस्टरांच्या आत्याबाई मालवणकडं दिलेल्या. त्यांची मुलं मुंबईला स्थिरावली, आणि नदीकाठचं जांभ्याचं कौलारू घर कुलूप लावून पडलं. कोकणात अशी बंद घरं वाडीवाडीत दिसतात. पावसाळ्यात कौल सरकलं की वासा कुजतो, एक वासा गेला की पुढच्या पावसात पाखाडी, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, खाली येते. २०१६ मध्ये आत्याबाईंनीच विषय काढला, "तुम्ही तरी वापरा, घराला माणूस लागतं." भाडेकरार केला आणि कामाला लागलो.

लोकांचा पहिला सल्ला होता की हे पाडा आणि दोन मजली आरसीसी बांधा. ते आम्हाला नको होतं, आणि करताही आलं नसतं. तेव्हा सागरी किनारा नियमन क्षेत्राची २०११ ची अधिसूचना लागू होती. समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० मीटर आणि भरतीचं पाणी शिरणाऱ्या नदीच्या काठापासून १०० मीटर, किंवा नदी अरुंद असेल तर तिच्या रुंदीइतकं अंतर, एवढ्या पट्ट्यात गावाकडच्या भागात नवं बांधकाम नाही. देवबागची पट्टी आधीच चिंचोळी, एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली. दोन्हीकडून टेप धरला की मोकळं काय उरतं याचा अंदाज कुणालाही येईल. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती मात्र करता येते, जोतं वाढवायचं नाही एवढं पाळायचं. आम्ही जोत्याला हात लावला नाही. आतल्या लाकडी फळ्यांच्या भिंती काढून चिऱ्याच्या जाड भिंती घेतल्या. जोडप्यांसाठीच्या जागेत शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येता कामा नये, यावर मी शेवटपर्यंत अडून बसले.

मिस्टरांचा जीव मात्र बिजागऱ्यांत अडकला होता. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही हे कोकणात पोरालाही ठाऊक आहे, म्हणून सुताराने पितळी बिजागऱ्या आणल्या, पण स्क्रू लोखंडी. मिस्टरांनी काम थांबवलं. पितळ आणि लोखंड एकमेकांना चिकटून खाऱ्या दमटपणात राहिले की लोखंड आधी खाल्लं जातं. बिजागरी चकचकीत राहते, स्क्रू आतल्या आत भुगा होतो, आणि एके दिवशी दार हातात येतं. मग सगळे स्क्रू पितळी घेतले. बाहेरच्या कठड्याला ३१६ ग्रेडचं स्टेनलेस वापरलं. त्यात मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठाचा मारा ते ३०४ पेक्षा पुष्कळ जास्त सोसतं. दारांच्या कड्या आमच्याच शॉपमध्ये गनमेटलच्या, म्हणजे तांबं-कथिलाच्या मिश्रधातूच्या, केल्या. सासरे बघायला आले तेव्हा त्यांनी एक कडी तीनचारदा लावून काढून बघितली आणि म्हणाले, "आवाज येत न्हाई. झकास."

त्यांना आधी हा धंदाच पसंत नव्हता. जोडप्यांसाठी खोल्या म्हटलं की लोक काय बोलतात ते त्यांना ठाऊक होतं, आणि आमची दोन पिढ्यांची पत त्याच बाजारात आहे. वाडीतल्या वडीलधाऱ्यांनाही तीच काळजी होती. आम्ही दोघं घराघरांत जाऊन बसलो. काय करणार आणि काय करणार नाही हे तोंडावर सांगितलं. लाऊडस्पीकर नाही. नदीकाठी बाटल्या नाहीत. वाडीतून जाताना पाहुण्यांनी गावाचा मान राखायचा. दोघांचीही ओळखपत्रं घ्यायची, रजिस्टर चोख ठेवायचं, दोघंही सज्ञान असली पाहिजेत. त्यापुढं लग्नाचा दाखला आम्ही कुणाकडं मागत नाही. सज्ञान माणसांनी एकत्र खोली घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, आणि खरं नाव सांगून येणाऱ्या माणसाला मान द्यायचा हे माझं मत आहे. आज स्वयंपाकघर त्याच वाडीतल्या तिघीजणी सांभाळतात.

पाहुण्यांत कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, बेळगाव इकडची मंडळी जास्त. आमची माणसं नदीला घाबरतात, आणि त्याला कारणही तसंच आहे. पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न "पाणी किती फूट?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. ज्यांच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी शिरलंय त्यांना "नदीकाठची खोली" म्हटलं की पोटात गोळा येतो. दुपारी येऊन सामान ठेवतात, चहा घेतात, आणि संध्याकाळी बघतात तर पाणी पायरीला लागलेलं. मग फोन येतो, "वहिनी, पाणी चढतंय हो!"

तेव्हा आमचे होडीवाले काका त्यांना पायरीवर बसवून भरती समजावतात. पंचगंगा वरच्या पावसाने चढते आणि उतरायला आठवडा घेते. इथं समुद्र दिवसातून दोनदा आत येतो आणि दोनदा बाहेर जातो, रोजची वेळ पाऊण-एक तासाने पुढं सरकते. काकांकडं त्याचं साधं गणित आहे, किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. काका मालवणीत सांगतात, "आज चवथ मा, तीनाक पाणी भरतला." मोबाईलवर आता भरतीचे तक्ते मिळतात, पण कालनिर्णय बघून जोडप्यांना स्वतः वेळ काढायला लावली की त्यांना फार मजा येते. आणि एकदा वेळ कळली की भीती जाते.

होडीही आम्ही याच गणिताने सोडतो. भरतीबरोबर नदीत वर जायचं, पाणी थबकलं की कांदळवनाच्या कडेला जरा थांबायचं, आणि ओहोटीबरोबर परत यायचं. वल्हं नावाला लागतं. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे खंड्या अगदी जवळून दिसतो. संगमाच्या बाजूला मात्र कुणालाही पोहू देत नाही, कितीही पट्टीचा पोहणारा असो. ओहोटीला नदीचं पाणी आणि समुद्राची ओढ एकत्र होते, तिथं पंचगंगेत घाटावरून उड्या मारल्याचा अनुभव कामाला येत नाही. लाईफ जॅकेटशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही, यावरून दोनचार पाहुणे रुसले. रुसू देत.

पहिली दोन वर्षं पैशाची ओढाताण होती, आणि मोह एकच होता, ग्रुपचा. कोल्हापूरचं मित्रमंडळ म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर भरून माणसं, शनिवार-रविवार सगळ्या खोल्या एकदम, रोख पैसे. एका फोनवर महिना निघाला असता. माझे स्वतःचे दीर त्यांच्या मंडळाला घेऊन येतो म्हणाले. मी त्यांना देवबागमधली दुसरी चांगली जागा बघून दिली, पण आमच्याकडं घेतलं नाही. सहा खोल्यांच्या घरात एका खोलीत एखादं जोडपं पंचवीस वर्षांचा संसार आठवत बसलंय आणि अंगणात तांबड्या रश्श्याचं पातेलं चढलंय, हे एकत्र चालत नाही. शांतता हाच आमचा माल आहे. तो विकायचा तर तो साठ्यात असायला हवा. भाऊजी सहा महिने बोलले नाहीत. पुढच्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला जाऊबाईंना घेऊन आले.

जेवणाचंही तसंच. तांबडा-पांढरा आम्ही करत नाही, तो कोल्हापुरात चांगला मिळतो. सकाळी घावणे आणि नारळाचा रस, नाहीतर आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. दुपारी त्या दिवशी बाजारात जे उतरलं असेल ते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीतल्या कुर्ल्या आणि तिसऱ्यांवर भागवतो, सुरमई मागू नका.

कोविडचं मी फार लिहीत नाही, सगळ्यांचं जे झालं ते आमचं झालं. त्यात १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून गेलं. माड मधूनच मोडले, एका पाखाडीची कौलं उडून नदीत गेली, वीज किती तरी दिवस नव्हती. वाडीत सगळ्यांचीच छपरं उघडी पडलेली, पाऊस दारात, आणि कौलं कुठं मिळेनात. तेव्हा आजरा-चंदगडकडं लोक जुनी घरं उतरवून स्लॅब टाकत होते, तिथली मंगळुरी कौलं मिस्टरांनी परवाने काढून ट्रकने खाली नेली. आधी आमच्या स्वयंपाकघरातल्या तिघींच्या घरांवर चढवली, मग आमच्यावर. आमची एक पाखाडी अजून दोन रंगांची दिसते. ती तशीच राहू दे, असं मीच म्हटलं.

धंदा पुन्हा बसतोय तोवर २०२४ च्या जानेवारीत करूळ घाट, म्हणजे गगनबावड्यावरून कोकणात उतरणारा रस्ता, रुंदीकरण आणि काँक्रिटीकरणासाठी बंद झाला, तो वर्षभर. आमचा निम्म्याहून अधिक पाहुणा गगनबावड्यावरून उतरणारा. काही भुईबावड्याने आले, काही राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटाने. कोल्हापूरच्या ऑफिसात, म्हणजे शॉपच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, मी दिवसभर रस्ताच सांगत बसायचे. दाजीपूरच्या जंगलातून येणारी जोडपी मात्र खूश होऊन उतरायची.

आम्हाला वाटलं होतं नवी लग्नं झालेली मुलं-मुली येतील. ती येतातच. पण निम्म्या खोल्या पन्नाशी ओलांडलेल्यांच्या असतात, आणि बहुतेकदा बुकिंग त्यांच्या मुलांनी केलेलं असतं. इचलकरंजीच्या एका मागवाल्यांच्या मुलीने आई-वडिलांना असंच पाठवलं. काकांचं आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे ते मोठ्यानेच बोलत. काकूंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. इचलकरंजीहून समुद्र एका दिवसात जाऊन यावा इतका जवळ, पण घरातल्या कुणाचंतरी काहीतरी असायचंच. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडवीत गेले तर काकू खुर्चीत पाय वर घेऊन बसलेल्या, काका शेजारी डाळिंब सोलून दाणे त्यांच्या हातावर ठेवतायत. मी विचारलं, काही हवंय का? काकू म्हणाल्या, "काय नको गं. हितं कोण हाक मारंना झालंय, लई बरं वाटाय लागलंय." काका नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मी मारू का?" आणि दोघंही हसत सुटले.

लोक पोहण्याचा तलाव आणि बाथटब मागतात. दोन्ही होणार नाही. या वाळूच्या पट्टीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून असतं, उपसा वाढवला की खालचं खारं वर येतं आणि विहीर मचूळ होते. एप्रिल-मे मध्ये ते पाणी शेजारच्या घरांनाही लागतं. कुणाला टबात बसायला पाणी देण्यासाठी मी वाडीची विहीर बिघडवणार नाही. टीव्हीही नाही. रात्रीचे दिवे मंद आणि खाली तोंड केलेले आहेत, नदीवर झोत टाकत नाही.

या पावसाळ्यात खालच्या दोन खोल्यांचं काम काढलंय. गुडघे दुखणाऱ्यांना नदीकडच्या तीन पायऱ्या अवघड जातात, म्हणून उतार करतोय, आणि न्हाणीघरात धरायला गनमेटलचे दांडे बसवतोय. ओतकामासाठीचा नमुना (पॅटर्न) तयार आहे, ओतकाम झालं की शॉपमध्ये पॉलिश होईल. त्या दोन खोल्यांचं बुकिंग दसऱ्यापासून घेऊ. आई-वडिलांसाठी विचारणाऱ्यांनी कृपया आधी सांगावं की दोघांपैकी कुणाला जिना चढवत नाही, म्हणजे तीच खोली राखून ठेवता येईल.