धावण्याची शीट: रंग कमी केले, दिसायला जास्त लागलं

मागच्या नोंदीत धावण्याच्या नोंदी ठेवायच्या गूगल शीटचा सांगाडा मांडला होता: तारीख, धावण्याचा प्रकार, अंतर, वेळ, पेस (एका किलोमीटरला लागलेली वेळ), सरासरी हृदयगती. या वेळी फक्त रंग, म्हणजे कंडिशनल फॉरमॅटिंग: सेलमधल्या आकड्यावरून सेल आपोआप रंगवणारे नियम.

आधी पेस, कारण सगळा घोळ तिथेच होतो. सेलमध्ये ५:४० टाकलं की शीट ते ५ तास ४० मिनिटं धरतं. शिवाय वेळ ही आतून दिवसाचा अपूर्णांक म्हणून साठवलेली असते: ५ तास ४० मिनिटं म्हणजे साधारण ०.२३६. त्यामुळे ‘६ पेक्षा कमी असेल तर हिरवा’ असा नियम लावला की अख्खा कॉलम हिरवागार, आणि आपण उगाच खूश. पेस ०:०५:४० असाच भरायचा आणि नियमात नुसत्या ६ ऐवजी टाइम(०,६,०) लिहायचं.

मग कलर स्केल लावला, म्हणजे लहान-मोठ्या आकड्यांनुसार बदलत जाणाऱ्या छटा. पेसमध्ये लहान आकडा चांगला, म्हणून रंगांची टोकं उलटी करावी लागतात. हे लगेच जमलं. खरी अडचण एका दिवसाची. त्या दिवशी नुसतं चालणं झालं होतं, पेस अकरा मिनिटांच्या वर. कमाल टोक तिथे जाऊन बसलं आणि बाकीचे सगळे दिवस जवळपास एकाच छटेत कोंबले गेले. इलाज असा: टोकं किमान-कमाल न ठेवता १० आणि ९० पर्सेंटाइलवर, मधला बिंदू ५० वर. इथे पर्सेंट आणि पर्सेंटाइल हे दोन पर्याय शेजारी-शेजारी दिसतात, पण काम वेगळं करतात. पर्सेंट किमान-कमालमधलं अंतर वाटून घेतो, म्हणजे तो एक विचित्र दिवस पुन्हा सगळ्यांना ओढणार. पर्सेंटाइल आकड्यांचा क्रम पाहतो, त्याला असला एखादा दिवस फारसा हलवू शकत नाही.

एवढं करूनही चित्र खोटंच होतं. लांब पल्ल्याचे दिवस मुद्दाम संथ असतात आणि नेमके तेच दर आठवड्याला लालभडक. इंटरव्हलचे (आलटून पालटून वेगात आणि संथ धावायचे) दिवस हिरवे, ते तर असणारच! रंग मला एवढंच सांगत होता की त्या दिवशी कोणता प्रकार धावलो, आणि ते शेजारच्या कॉलममध्ये लिहिलेलंच आहे. म्हणून पेसचा रंग पूर्ण काढला आणि ‘फरक’ नावाचा कॉलम घातला: त्या दिवसाचा पेस वजा त्याच प्रकारच्या सगळ्या दिवसांची सरासरी. ॲव्हरेजइफने हे एका ओळीत होतं. कलर स्केल आता फक्त या कॉलमवर. मधला बिंदू नंबर म्हणून शून्य, तिथे पांढरा, एका बाजूला निळा, दुसऱ्या बाजूला नारिंगी. लाल-हिरवी जोडी मुद्दाम टाळली. उत्तर युरोपीय वंशाच्या सुमारे ८ टक्के पुरुषांना लाल-हिरवा फरक नीट कळत नाही. शीट कुणाला दाखवायचं असेल तर एवढं कारण पुरेसं आहे.

दुसरा आणि शेवटचा रंग हृदयगतीचा. संथ धावताना गती वर गेली का, एवढाच प्रश्न. नियम असा: =अँड($बी२="संथ",इजनंबर($एफ२),$एफ२>१४५), पूर्ण टेबलाच्या रेंजवर. १४५ माझी मर्यादा, तुमची वेगळी असेल. डॉलर अक्षरासमोर आहे, आकड्यासमोर नाही, म्हणून नियम प्रत्येक रोमध्ये आपापला आकडा तपासतो आणि अख्खी रो रंगवतो. इजनंबर, म्हणजे सेलमध्ये खरंच आकडा आहे का ही तपासणी, शोभेसाठी नाही. घड्याळातून आयात केलेले काही आकडे मजकूर म्हणून येतात, आणि मजकूर-आकडा तुलनेत मजकूर कायम मोठा ठरतो. मग ११८ ची गतीसुद्धा १४५ च्या वर. ‘पेक्षा कमी’च्या फॉर्म्युलात उलटं संकट असतं: रिकामा सेल शून्य धरला जातो आणि विश्रांतीचे दिवसही रंगतात. दोन्हींवर हेच एक औषध.

एक्सेलवाल्यांसाठी एक गोष्ट. तिथे रो कॉपी-पेस्ट केल्या की नियमांच्या रेंजचे तुकडे पडत जातात आणि काही महिन्यांनी रूल्स मॅनेजरमध्ये तोच नियम डझनभर वेळा दिसतो. पेस्ट करताना फक्त व्हॅल्यूज घ्या. (एक्सेल ९७ मध्ये ही सोय आली तेव्हा एका सेलला तीनच अटी लावता यायच्या, २००७ मध्ये ती मर्यादा गेली आणि कलर स्केलही आला. तीनची मर्यादा इतकी वाईट नव्हती, असं आता वाटतं.) गूगल शीट्समध्ये यादीत वरून पहिला जो नियम लागू पडेल तोच सेलचं रूप ठरवतो, म्हणून हृदयगतीचा नियम सगळ्यात वर ठेवलाय.

महिन्यात किती रो रंगल्या हे मोजायचं तर रंग मोजणारं तयार फंक्शन दोन्हीकडे नाही. रंगावर फिल्टर लागतो, पण बेरजेसाठी तीच अट काउंटइफ्समध्ये पुन्हा लिहावी लागते. म्हणून १४५ आता नियमात न ठेवता वर एका सेलमध्ये ठेवलाय आणि नियम व मोजणी दोन्ही तिथूनच वाचतात. पुढच्या नोंदीत बुटांचं पत्रक: कोणता जोड किती किलोमीटर झाला ते समइफने, आणि तिथे रंग लावायचा की साधी डेटा बार (सेलमधली आकड्याच्या प्रमाणातली पट्टी) पुरे, हे अजून ठरलेलं नाही.